आजोबांचे रिव्हॉल्व्हर

आमच्या घाटकोपरच्या घरात दसऱ्याला पाटावर तीन वस्तू मांडल्या जात. आजीची विळी, वडिलांचे फाउंटन पेन आणि आजोबांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर. बर्मिंगहॅमला बनलेले, ०.३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे. आजोबांनी ते १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून रीतसर परवाना काढून घेतले. ते दगडखाणीच्या कंत्राटदाराकडे मुकादम होते. शनिवारी मजुरांचा पगार कापडी पिशवीतून टेकडीवर न्यायचा, तोही पायी. उभ्या आयुष्यात त्यांनी ते कुणावर रोखले नाही.

तरी त्याचा अभिमान भारी! त्याला कारणही होते. लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्र कायदा आला. गोऱ्यांना सूट, आपल्या माणसाला मात्र परवान्यासाठी सरकारची मर्जी सांभाळावी लागे. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणूनच १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. राज्यघटनेत तो आला नाही. १९५९ साली नवा कायदा झाला, परवाना राहिलाच. (बरेच झाले, असे मला तरी वाटते.)

आजोबांनी मला नेमबाजी शिकवली नाही, निगा शिकवली. आधी उघडून सहाही घरे रिकामी आहेत ना, ते पाहायचे. मग नळीत ब्रश, कोरडे फडके आणि तेलाचा नुसता हात. तेल जास्त झाले तर ते काडतुसात झिरपून बार फुसका जातो. घामाचे बोट लोखंडावर राहू द्यायचे नाही. आणि चामड्याच्या म्यानात ठेवून कधीही विसरायचे नाही. मुंबईच्या पावसाळ्यात चामडे ओल धरते. हे मी एकदा विसरलो. नळीवरचे ते खड्डे अजून आहेत.

खरी परीक्षा २६ जुलै २००५ची. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमचे घर तळमजल्यावर. पाणी गुडघ्याला लागले तेव्हा माझा हात आधी परवान्याच्या पुस्तिकेकडे गेला, कारण कागद नसेल तर घरात ठेवलेले शस्त्र हा गुन्हा. रिव्हॉल्व्हर कपाटाच्या खालच्या कप्प्यात बुडाले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वर्तमानपत्र पसरून बसलो. शेजारी गाद्या पिळत होते, मी एकेक स्क्रू ओळीने मांडत होतो. गोड्या पाण्याने गाळ धुतला, पुसून वाळवले, रॉकेलने स्वच्छ केले, शेवटी तेल दिले. आतली स्प्रिंग तुटली असती तर तसा सुटा भाग मिळणे कठीण. भिजलेली काडतुसेही कचऱ्यात टाकता येत नाहीत, प्रत्येकाचा हिशेब असतो. ती मोजून जमा केली.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. २०१६च्या नियमांनुसार अशा वयात वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलगा म्हणतो, बाबा, सरकारजमा करून मोकळे व्हा. त्याचेही चूक नाही. त्याच्या घरात लहान मुले आहेत. मुलीने मात्र अर्ज केला आहे. गेल्या दसऱ्याला तिने रिव्हॉल्व्हर उघडले, सहाही घरे पाहिली आणि बिजागरीपाशी नखाएवढा गंज दाखवला. माझ्या चष्म्यातून तो मला दिसलाच नव्हता.