कच्चे सूर आणि उस्तादांची मुद्रा

एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेतल्या ‘नाइन इंच नेल्स’ या बँडच्या ट्रेंट रेझ्नरने ‘द हँड दॅट फीड्स’ हे गाणे लोकांना सुट्या भागांत देऊन टाकले. आवाज वेगळा, ड्रम वेगळा, गिटार वेगळी. श्रोत्याने ती फाईल आपल्या संगणकावर उघडायची आणि त्यातून स्वतःला हवे तसे गाणे बांधायचे. २००८ मध्ये त्याच बँडने ‘द स्लिप’ हा अल्बम फुकट दिला आणि त्याचे सुटे ट्रॅकही मोकळे केले. त्याच वर्षी ‘रेडिओहेड’ने ‘न्यूड’ या गाण्याचे पाच भाग वेगवेगळे विकायला ठेवले आणि श्रोत्यांकडून नवी रूपे मागवली. आपल्याकडे ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य दिली. ते कच्चे ट्रॅक नव्हते, तयार गाणी होती. पण मधली कंपनी बाजूला सारून थेट श्रोत्याच्या हातात दिलेली होती.

या घटनांचे वर्णन ‘संगीतातली क्रांती’ असे केले जाते. तंत्र नवे आहे, हे खरेच. पण कलावंताने आपला कच्चा माल दुसऱ्याच्या हाती द्यावा का, दिला तर त्यावर नाव कोणाचे राहावे आणि पोट कोणाचे भरावे, हे प्रश्न नवे नाहीत. महाराष्ट्राने आणि विशेषतः इथल्या मुसलमान कलावंतांनी ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतले आहेत. तो इतिहास आपल्याला अर्धाच सांगितला जातो.

बंदिश म्हणजे काय?

ख्यालगायकीतली बंदिश ही जेमतेम चार-सहा ओळींची असते. स्थायी आणि अंतरा, राग ठरलेला, ताल ठरलेला. पण ती म्हणजे पूर्ण गाणे नव्हे. आलाप, बोलताना, ताना यांनी अर्धा-पाऊण तासाची इमारत गायक उभी करतो. बंदिश त्या इमारतीचा पाया असते. आजच्या भाषेत ती कच्ची फाईलच. एकच बंदिश दहा गायकांकडे गेली की दहा गाणी होतात.

म्हणूनच घराण्यांनी ती जपली. खास बंदिशी बाहेरच्याला शिकवल्या जात नसत. मुलीच्या लग्नात जावयाला आंदण म्हणून बंदिशी दिल्याची उदाहरणे संगीताच्या इतिहासात सांगितली जातात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हते, दरबारचा आश्रय आज आहे तर उद्या नाही, त्यांची हीच इस्टेट होती. ती जपली म्हणून त्यांना कोत्या मनाचे म्हणणे सोपे आहे. शेतकरी सात-बारा जपून ठेवतो, त्याला मात्र आपण शहाणा म्हणतो.

बंदिशीत आणखी एक सोय होती. रचनाकार शेवटी आपले नाव गुंफायचा. त्याला मुद्रा म्हणतात. मुघल बादशहा मुहंमदशाह रंगीले याच्या दरबारातले न्यामत खाँ ‘सदारंग’ या नावाने रचना करत. त्यांच्या परंपरेतले फिरोज खाँ ‘अदारंग’. विसाव्या शतकात बडोद्याचे फैयाज खाँ ‘प्रेमपिया’. गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस येतो, अभंगाच्या शेवटी तुकोबांचे नाव येते, पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपली ओळख देतो. रीत एकच. गाणे कुठेही जाऊ दे, कोणीही गाऊ दे, नाव त्याच्या पोटात शिवलेले आहे. ते काढायचे तर गाणेच मोडावे लागते.

‘उस्तादांनी लपवले, पंडितांनी उघडले’

शाळेत आणि संगीताच्या परीक्षांत आपण एक गोष्ट वाचतो. उस्तादांनी विद्या कुलुपात ठेवली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून ती मिळवली, स्वरलिपीत लिहिली, छापली आणि सर्वांना खुली केली. यातला भातखंड्यांचा भाग खरा आहे आणि मोठा आहे. १८६० मध्ये मुंबईत जन्मलेल्या या वकिलाने आयुष्य या कामाला दिले. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्यांनी शेकडो बंदिशी मराठीतून लोकांपुढे ठेवल्या. ज्याला सा-रे-ग वाचता येते तो आता घरी बसून सदारंगाची रचना वाचू शकत होता. कच्ची फाईल थेट श्रोत्याच्या हाती देण्याचा एवढा मोठा उद्योग आपल्याकडे त्याआधी झाला नव्हता.

पण या बंदिशी आल्या कुठून? जयपूरच्या मनरंग परंपरेतले मुहंमद अली खाँ आणि त्यांची मुले, रामपूर दरबारचे वजीर खाँ अशा अनेक उस्तादांच्या कंठातून. त्यांनी दिल्या म्हणून त्या छापता आल्या. देणाऱ्याला आपण गोष्टीतून वगळले आणि लिहून घेणाऱ्याला नायक केले.

दुसरी गोष्ट. भातखंड्यांची पुस्तके येण्याच्या कितीतरी आधी एका मुसलमान उस्तादाने हेच काम सुरू केले होते. मौलाबख्श हे त्यांचे नाव. जन्म १८३३ चा, आजच्या हरियाणातला. दक्षिणेत म्हैसूरपर्यंत जाऊन त्यांनी कर्नाटक संगीत शिकून घेतले. पुढे ते बडोद्याला स्थिरावले. तिथे गादीवर होते सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले. त्यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबख्श यांनी बडोद्यात गायनशाळा काढली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि ती शिकवणारी पुस्तके छापली. फी, वर्ग, पाटी, पुस्तक अशा पद्धतीने गाणे शिकवण्याची ती सुरुवात होती. त्यांचे नातू इनायत खाँ १९१० मध्ये हेच सूर आणि सूफी विचार घेऊन अमेरिका-युरोपात गेले. ती गायनशाळा आज बडोद्याच्या विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या रूपात उभी आहे. मौलाबख्श यांचे नाव मात्र आपल्या किती शिक्षकांना सांगता येईल?

तिसरे उदाहरण मिरजेचे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतले. मुले तिथे राहून शिकत. त्यांच्या शिष्यांत रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व होते, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांनी कंठातली विद्या जात-धर्म न पाहता वाटली, म्हणून आज मराठी घराघरांत किराण्याचा सूर वाजतो. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी गवई हजेरी लावतात.

इतिहासकार जानकी बाखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ (२००५) या पुस्तकात दाखवले आहे की संगीताला ‘राष्ट्रीय’ आणि ‘शास्त्रीय’ करण्याच्या या काळात उस्ताद हळूहळू कडेला गेले. भातखंड्यांनी छापले नसते तर कितीतरी बंदिशी मातीत गेल्या असत्या, हेही तितकेच खरे. त्यांचे ऋण मान्य करताना उस्तादांचे ऋण पुसायची गरज नाही. मौलाना आणि पंडित असा सामना लावण्यात मला रस नाही. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. कच्चा माल देणाऱ्याच्या खात्यात काय जमा झाले?

तीन मिनिटांची तबकडी आणि शाहिराचा डफ

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गायन केले. तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासच जागा. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारतात. सांगितले जाते की तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गायकाचे नाव कळावे म्हणून ही युक्ती होती. कारण काहीही असो, मुद्रेची जुनी रीत नव्या यंत्रात शिरली.

तबकडीने मात्र एक बदल केला. गाणे आता पक्के झाले, त्यात कोणाला भर घालता येईना. कच्चे गाणे जिवंत राहिले ते शाहिरांकडे. बार्शीत १९१६ मध्ये जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल म्हणजे आपले शाहीर अमर शेख. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गिरणगावापासून खेड्यापर्यंत गेला. कलापथकाची गाणी डफ-तुणतुण्यावर म्हणता येतील अशी होती. ऐकणारा दुसऱ्या दिवशी आपल्या चाळीत तीच म्हणू लागे, गावाचे नाव बदलून, प्रसंग बदलून. परवानगी कोणी मागितली नाही आणि मागावी अशी अपेक्षाही नव्हती. लढ्याला तेच हवे होते. पण १९६९ मध्ये अपघातात अमर शेख गेले, आणि आज आमच्या आठवी-नववीच्या मुलांना विचारले तर ‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शाइर’वरून आला हे माहीत नसते आणि अमर शेख हे मेहबूब होते हेही नसते.

पेनड्राईव्हमधला ट्रॅक

आता पैनगंगेच्या या काठावर, उमरखेडसारख्या गावात या, आणि ‘कच्चा ट्रॅक’ काय असतो ते पाहा. स्नेहसंमेलन असो, लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की भीमजयंतीचा कार्यक्रम, गायक पेनड्राईव्ह घेऊन येतो. ‘ट्रॅकवर गातो’ असे म्हणतात. आवाज काढून टाकलेले संगीत मागे वाजते आणि पुढे माईकवर आपला गावकरी गातो. ज्या पोराच्या बापाला हार्मोनियम घेणे कधी परवडले नसते, ते पोर पूर्ण वाद्यवृंदासह गाते. ही लहान गोष्ट नाही.

पण त्याच मंचावर पूर्वी ढोलकीवाला बसायचा, पेटीवाला बसायचा, बँजोवाला बसायचा. त्यांना बिदागी मिळायची. आमच्या भागात हे वाजवणारे बहुतेक मुसलमान, बौद्ध, मातंग समाजातले. ट्रॅक आला आणि त्यांची खुर्ची गेली. त्या ट्रॅकमध्ये मुंबईच्या स्टुडिओत कोणीतरी ढोलकी वाजवलेली असते, त्याचेही नाव फाईलवर नसते. फाईलचे नाव असते ‘ट्रॅक ०७’. दोन्हीकडचे ढोलकीवाले गायब.

कायद्याने थोडी वाट काढली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि चित्रपटातील गाण्याच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का झाला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी संसदेत आणि संसदेबाहेर आवाज उठवला. गावच्या ढोलकीवाल्यापर्यंत मात्र हा हक्क पोचत नाही.

मोकळेपणाने देणे आणि नाव राखणे, दोन्ही एकत्र जमते का? जमते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ही संख्या एक लाखाच्या वर गेली. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर त्या क्रमाने येत आहेत. त्यात स्टुडिओचा मुलामा नाही. जात्याची घरघर, मध्येच खोकला, मागे कोंबडा. पण प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव आहे. ज्या बायांचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठे छापले गेले नव्हते, त्यांची मुद्रा जगासमोर आली. रेझ्नरच्या फाईलपेक्षा मला हे काम मोठे वाटते.

आपल्या घरांतही अशा फाईली पडून आहेत. मोहर्रमचे मर्सिये, लग्नातली हळदीची दखनी गाणी, नानीने म्हटलेल्या लोऱ्या, बाबांच्या वहीतल्या नाती. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. रेकॉर्ड करा, मोकळेपणाने वाटा. फक्त सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव आणि गाव त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या. आणि पुढच्या संमेलनात ट्रॅक लावण्याआधी गावच्या ढोलकीवाल्याला एकदा फोन करून बघा.