मैलापूरचा एक नेमस्त वाचक

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाचे एक जुने ग्रंथालय चेन्नईच्या मैलापुरात आहे, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. रानडे १९०१ मध्ये निवर्तले आणि पुढील काही वर्षांतच तेथील वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी ते उभारले. इकडे महाराष्ट्रात रानड्यांचे वाचक दुभंगलेले होते. मराठी सत्तेच्या उदयाचे श्रेय संतांच्या शिकवणुकीलाही देणारा त्यांचा विचार राजवाड्यांना मुळीच पटला नाही.

कृष्णस्वामी रानड्यांप्रमाणेच पक्के नेमस्त होते, तर त्यांच्याच शहरातील कवी सुब्रह्मण्य भारती टिळकांचे अनुयायी. तरीही १९०७ मध्ये भारतींची देशगीते त्यांच्याच मुखातून ऐकताच कृष्णस्वामींनी त्यांपैकी तीन गीते स्वखर्चाने छापून १५,००० प्रती विनामूल्य वाटल्या. नेमस्तपणा म्हणजे भित्रेपणा, असे मानणाऱ्यांनी ही नोंद अवश्य पाहावी. कवीचे राजकारण त्यांना अमान्य होते आणि ते तसेच राहिले. कवीही बदलला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस दुभंगली, तेव्हा भारती टिळकांच्या बाजूस होते.