सिगारेट कंपन्यांची दप्तरे आणि दडलेली २५ वर्षे

१/ ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील ४०० हून अधिक वृत्तपत्रांत सिगारेट उत्पादकांचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. लोकांचे आरोग्य ही आपली सर्वोच्च जबाबदारी असून आपला माल अपायकारक नाही, अशी ग्वाही त्यात होती. सिगारेटच्या डांबराने उंदरांना कर्करोग होतो, हे नुकतेच प्रयोगांत दिसले होते. त्याला हे उत्तर होते.

२/ कंपन्यांच्या आत मात्र वेगळी भाषा चालत होती. जुलै १९६३ मध्ये 'ब्राऊन अँड विल्यमसन'च्या मुख्य विधी सल्लागाराने अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिले : निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा ते विकण्याचा आहे.

३/ सहाच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. धूम्रपान हे पुरुषांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे त्याने सांगितले. पण त्याला व्यसन न म्हणता 'सवय' म्हटले. कंपनीजवळचे निकोटिनविषयक संशोधन अहवाल लिहिणाऱ्यांपुढे आलेच नव्हते. सर्जन जनरलच्या अहवालाने निकोटिनला व्यसनकारक ठरवण्यास १९८८ उजाडले.

४/ हे कागद उजेडात कसे आले? एप्रिल १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले, की निकोटिन व्यसनकारक आहे असे त्यांना वाटत नाही. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांच्याकडे 'ब्राऊन अँड विल्यमसन'च्या सुमारे ४,००० पानांचे निनावी खोके पोहोचले. ते परत मिळवण्यासाठी कंपनी न्यायालयात गेली आणि हरली. १९९५ मध्ये ती पाने इंटरनेटवर आली.

५/ १९९८ च्या न्यायालयीन तडजोडींनी आणखी लाखो कागद खुले केले. त्याच विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आज तंबाखू उद्योगाचे एक कोटीहून अधिक दस्तऐवज आहेत. अफूजन्य वेदनाशामकांच्या कंपन्यांची कागदपत्रेही तेथे जमा होत आहेत.

६/ अशा संग्रहात अभ्यासक पानावरचा अनुक्रमांक, तारीख, प्रत कोणाला गेली आणि समासातील शेरे पाहतो. मग त्याच काळातील जाहीर निवेदने शेजारी ठेवतो. मात्र हे दप्तर खटल्यांतून जन्मले आहे. वकिलांनी गोपनीय म्हणून रोखलेले कागद त्यात सापडत नाहीत. शिवाय एकटे टिपण म्हणजे धोरण नव्हे. ते कोणी वाचले आणि पुढे कोणता निर्णय झाला, हे जुळवावे लागते.

७/ १९६३ चे टिपण आणि १९८८ चा अहवाल यांत २५ वर्षांचे अंतर आहे. सिगारेट का सुटत नाही, या प्रश्नाचे उत्तर एवढा काळ ती विकणाऱ्याच्या कपाटात लिहून ठेवलेले होते.