परक्या उन्हातले उत्तरायुष्य

उबदार परदेशात उत्तरायुष्य घालवावे, ही इच्छा आज बहुधा व्यवहाराच्या रूपात समोर येते. निवृत्तिवेतन पुरेल का, व्हिसा कोणता घ्यावा, घर विकत घ्यावे की भाड्याने, असे तिचे प्रश्न असतात. आम्हांला येथे या इच्छेचा इतिहास पाहायचा आहे आणि त्यासाठी दक्षिण स्पेनमधील मालागा व तेथे स्थायिक झालेले ब्रिटिश लोक हे उदाहरण घेतले आहे. परक्या देशात कायमचे राहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेथे निरनिराळ्या काळी विचारला गेला. विशेष असे की त्याची सुरुवात घरापासून झाली नाही, थडग्यापासून झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मालागात ब्रिटिश व्यापाऱ्यांना राहण्याची मुभा होती, पण कॅथलिक स्पेनच्या दफनभूमीत प्रोटेस्टंट मृतांना जागा नव्हती. त्यांची प्रेते रात्रीच्या वेळी समुद्रकाठच्या वाळूत पुरली जात आणि लाटांच्या स्वाधीन होत. ब्रिटिश कॉन्सल विल्यम मार्क यांनी याविरुद्ध दीर्घकाळ खटपट केली आणि १८३१ साली तेथे इंग्रज दफनभूमी सुरू झाली. स्पेनच्या मुख्य भूमीवरील ही पहिली प्रोटेस्टंट दफनभूमी. राजा सातवा फर्नांडो याच्याविरुद्धच्या उठावात जनरल तोर्रिखोस यांच्यासह गोळ्या घालून मारला गेलेला तरुण रॉबर्ट बॉइड त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे पुरला गेला. राहण्याचा परवाना आणि मरण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जमिनीने प्रथम दाखवून दिले.

याच दफनभूमीत लेखक जेराल्ड ब्रेनन यांची समाधी आहे. पहिल्या महायुद्धातून सुटल्यावर, हाती असलेल्या थोड्या पैशांत वाचन करीत राहता यावे म्हणून, १९२० साली त्यांनी आल्पुखारा डोंगरातील येगेन या खेड्यात घर घेतले. व्हर्जिनिया वुल्फ १९२३ साली त्यांना भेटायला तेथे गेल्या होत्या. पुढे मालागाजवळच्या चुर्रियानात ते राहू लागले. १९३६ साली यादवी युद्धाने त्यांना तेथून उठवले. ‘द स्पॅनिश लॅबिरिंथ’ (१९४३) आणि ‘साउथ फ्रॉम ग्रॅनाडा’ (१९५७) ही त्यांची पुस्तके स्पेनच्या अभ्यासकांना परिचित आहेत. १९५३ साली ते पत्नी गॅमेल वूल्सी यांच्यासह परतले, ते उरलेले आयुष्य तेथेच काढण्यासाठी.

दरम्यान एकट्यादुकट्याची ही वाट राजमार्ग होऊ लागली. १९५९ च्या आर्थिक योजनेनंतर स्पेनने परदेशी प्रवाशांना व पैशाला दारे उघडली. परंतु ब्रिटिश माणसाला स्वतःचाच पैसा सहज बाहेर नेता येत नसे. १९६६ ते १९७० या काळात प्रवासासाठी केवळ ५० पौंड नेण्याची मर्यादा होती. १९७९ साली ब्रिटनने परकीय चलनावरील निर्बंध उठवले आणि सामान्य निवृत्त माणसालाही इकडचे घर विकून तिकडे घेणे सोपे झाले. १९८६ साली स्पेन युरोपीय समुदायात आला. १९९० च्या एका निर्देशाने निवृत्तिवेतन व आरोग्यविमा असलेल्या वृद्धांना कोणत्याही सदस्य देशात राहण्याचा हक्क दिला आणि १९९३ पासून युरोपीय नागरिकत्व अस्तित्वात आले. मेहेरबानी होती तिचा हक्क झाला.

आपल्याकडील वानप्रस्थात संसारातून पाय काढून घेणे अभिप्रेत आहे. येथे संसारच उन्हात हलवायचा होता. या किनाऱ्यावरील एका काल्पनिक ब्रिटिश वसाहतीचे चित्र जे. जी. बॅलर्ड यांच्या ‘कोकेन नाइट्स’ (१९९६) या कादंबरीत आहे. विश्रांतीने बधिर झालेल्या रहिवाशांना जागे करण्यासाठी तेथे गुन्हेगारीची गरज भासते! अतिशयोक्ती खरी, पण केवळ हवामानाच्या आधाराने समाज उभा राहत नाही, हे तिचे मर्म आम्हांला पटते.

मिळालेला हक्क काढूनही घेता येतो, हे २०१६ च्या सार्वमताने सिद्ध केले. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिशांना त्यात मतदानच करता आले नाही. ही मर्यादा उठली ती २०२४ साली. २०२० अखेरपर्यंत स्थायिक झालेल्यांचे हक्क करारामुळे टिकले. त्यानंतर येणाऱ्यांना व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. अधिक राहायचे तर बिनकमाईचा निवासी व्हिसा घ्यावा लागतो: स्पेन सरकारने ठरवलेल्या उत्पन्न-निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न, आरोग्यविमा आणि नोकरीधंदा न करण्याची अट. पाच लाख युरोंची मालमत्ता घेऊन निवास मिळवण्याची २०१३ पासूनची सोय एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. घरांची टंचाई हे तिचे कारण देण्यात आले.

या पार्श्वभूमीवर ब्रेनन यांचा शेवट विचार करायला लावतो. १९८४ साली, नव्वदीत, त्यांना लंडनजवळच्या पिनर येथील वृद्धाश्रमात नेण्यात आले. स्पेनमध्ये हळहळ व्यक्त झाली आणि आंदालुसियाच्या शासनाने पुढाकार घेऊन त्याच वर्षी त्यांना परत आणले. १९८७ साली मालागात त्यांचे निधन झाले. देह वैद्यकीय अभ्यासासाठी दिला होता. अखेर २००१ साली त्यांच्या अस्थी पत्नीच्या शेजारी, इंग्रज दफनभूमीत विसावल्या.

त्यांना परत आणले ते कोणत्याही निर्देशाने नव्हे. ज्या लोकांत ते राहिले त्यांची भाषा, गाणी, भांडणे आणि दुःखे त्यांनी जन्मभर समजून घेतली, त्याची ही परतफेड होती. तथापि ग्रंथ लिहून देशाचे प्रेम मिळवणे एखाद्यालाच साधते. खाट धरलेल्या सामान्य वृद्धाला प्रेमाच्या भरवशावर सोडता येत नाही, त्याला कायदाच हवा. आणि कायदा तर अशा मतपेटीतून बदलतो, जिच्यापर्यंत त्याचा हात पोहोचेलच असे नाही. उन्हाच्या शोधात निघालेल्यांच्या या दोनशे वर्षांच्या इतिहासात ऊन तेवढे कायम राहिले. त्याखाली बसण्याची परवानगी मात्र प्रत्येक पिढीला नव्याने मागावी लागली.