संत वुल्फस्तान : गुलामांचा कैवार घेणारे बिशप
(सण : १९ जानेवारी)

संत वुल्फस्तान यांचा जन्म इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यात सुमारे १००८ साली झाला. बेनेडिक्टाईन संघात प्रवेश करून ते वुस्टर येथील मठाचे प्रायर झाले व १०६२ साली तेथील बिशपपदी त्यांचा दीक्षाविधी झाला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रज बिशपांच्या जागी हळूहळू परदेशी बिशप आले. वुल्फस्तान मात्र अखेरपर्यंत आपल्या पदावर राहिले.

त्या काळी ब्रिस्टल बंदरातून माणसे आयर्लंडला गुलाम म्हणून विकली जात. तरुण मुलामुलींना दोरखंडांनी एकत्र बांधून विक्रीसाठी उभे केले जाई. राजा विल्यमच्या धाकालाही व्यापारी जुमानत नसत. अशा ठिकाणी वुल्फस्तान दोन-दोन, तीन-तीन महिने मुक्काम करीत आणि दर रविवारी प्रवचन देत, असे त्यांचे चरित्रकार विल्यम ऑफ माम्सबरी यांनी नमूद केले आहे. अखेर ब्रिस्टलवासीयांनी हा व्यापार सोडून दिला. त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, ११०२ साली, लंडन येथील धर्मपरिषदेने माणसांची जनावरांप्रमाणे विक्री करण्यास बंदी घातली.

१०९५ सालच्या जानेवारीत वुल्फस्तान प्रभूच्या घरी गेले. पोप तिसरे इनोसंट यांनी १२०३ साली त्यांना संतपद बहाल केले. त्यांनी १०८४ साली बांधावयास घेतलेल्या कॅथेड्रलचे तळघर वुस्टर येथे आजही उभे आहे.

राजाज्ञेला जे साधले नाही ते एका मेंढपाळाच्या चिकाटीने साधले, हीच या संताची शिकवण होय.