लक्षणविरहित हिवताप : गणिती प्रतिमाने

शरीरात हिवतापाचे परजीवी असूनही ज्यांना ताप येत नाही, अशा माणसांचा रोगप्रसारातील वाटा समीकरणांनी मोजण्याची पद्धत. वारंवार संसर्ग झालेल्यांमध्ये अंशतः प्रतिकारशक्ती येते. त्यांना ताप येत नाही, पण रक्तात परजीवींच्या युग्मकपेशी थोड्या संख्येने राहतात आणि चावणाऱ्या ॲनॉफिलीस डासाच्या मादीला बाधित करू शकतात.

या गणिताचा पाया रोनाल्ड रॉस यांनी घातला. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या जठरभित्तीत परजीवी सापडल्यानंतर पुढे ते समीकरणांकडे वळले. डासांची संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली, तर शेवटचा डास न मारताही हिवताप ओसरतो, असे त्यांनी दाखवले. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी डासाच्या आयुर्मानाचे महत्त्व पुढे आणले. रॉस-मॅकडोनल्ड प्रतिमानात माणसांचे निरोगी आणि बाधित असे दोनच गट आहेत. पुढील प्रतिमानांनी बाधितांचे तापाचे व बिनतापाचे असे दोन भाग केले आणि हिशेबच पालटला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर बाधितांपैकी ४० जणांना ताप येतो. उपचारामुळे ते दहाच दिवस संसर्ग देऊ शकतात. उरलेले ६० जण शंभर दिवस बाधित राहतात, मात्र त्यांच्यापासून डासाला लागण होण्याची शक्यता तापाच्या रुग्णांच्या तुलनेत एक-चतुर्थांश आहे. माणसे, दिवस आणि लागणीची शक्यता यांचा गुणाकार केला, तर पहिल्या गटाचा भार ४००, दुसऱ्याचा १,५००. तापाच्या रुग्णांचा संसर्गकाळ निम्म्यावर आणला, तरी एकूण प्रसार जेमतेम दहा टक्क्यांनी घटतो.

सारा निष्कर्ष त्या ‘एक-चतुर्थांश’वर उभा आहे, आणि हा आकडा कागदावर ठरत नाही. वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठाचे काम इथे फार मोलाचे ठरते. तेथील गणित विभागात साथरोगांच्या प्रतिमानांवर संशोधन होते, तर वैद्यकीय विज्ञान संस्थेतील श्याम सुंदर व सहकाऱ्यांनी लक्षणविरहित व्यक्तींकडून लागण होते का, हाच प्रश्न बिहारमध्ये वालुमाश्यांमार्फत पसरणाऱ्या काळा आजाराबाबत थेट तपासला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या वालुमाश्या लोकांना चावू दिल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लक्षणविरहित व्यक्तींपैकी एकाकडूनही माशीला लागण झाली नाही. काळा आजाराच्या रुग्णांकडून आणि आजारानंतर त्वचेवर चट्टे उमटलेल्यांकडून मात्र झाली. हिवतापात असे नाही. तेथे ताप नसलेल्यांकडूनही डास बाधित होतात. म्हणून एका रोगाचे प्रतिमान दुसऱ्याला जसेच्या तसे लावणे चूक आहे.

आणखी एक अडचण तपासणीची आहे. रक्तात परजीवी फार थोडे असतील, तर जलद चाचणी किंवा सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी त्यांना हेरू शकत नाही. पीसीआर चाचणी हेरते. शिवाय व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि तेथे रक्ततपासणी पोहोचतच नाही. त्यामुळे नोंदलेल्या रुग्णसंख्येवर बेतलेले प्रतिमान बाधितांचा साठा मुळातच कमी धरते.

छत्तीसगडच्या बस्तर भागात २०२० पासून ताप असो वा नसो, घरोघरी रक्ततपासणी केली जाते. २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे भारताचे उद्दिष्ट आहे. गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांत ते गाठायचे, तर केवळ तापाच्या रुग्णांची वाट पाहणारी यंत्रणा अपुरी पडेल.