‘जमीन गेली’ म्हणजे कोणी घेतली? तारखांच्या नकाशाचा धडा

‘आमची जमीन गेली’ असे आपल्या वस्त्यांमधून सहज म्हटले जाते. जणू ती पुरात वाहून गेली! घेणारा कोण, घेतली कधी, कोणत्या कागदाने, हे तिन्ही प्रश्न त्या ‘गेली’मध्ये बुडून जातात. इतिहासाची पाठ्यपुस्तकेही हेच करतात. एका पानावर ‘आधीचा’ नकाशा, दुसऱ्या पानावर ‘नंतरचा’. मधली वर्षे गायब आणि त्यांच्यासोबत गुन्हेगारही गायब.

संगणकावरचे काळानुसार बदलणारे नकाशे ही मधली वर्षे परत आणतात. त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणातून समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते. उदाहरण अमेरिकेचे आहे.

जॉर्जिया विद्यापीठातील इतिहासकार क्लॉडिओ सॉन्ट यांनी 2014 मध्ये ‘द इन्व्हेजन ऑफ अमेरिका’ हा नकाशा सर्वांसाठी खुला केला. 1776 ते 1887 या काळात अमेरिकेने तिथल्या मूलनिवासी जमातींकडून दीडशे कोटी एकरांहून अधिक जमीन कशी घेतली, हे त्यात दिसते. वर्षांची पट्टी पुढे सरकवली की जमातींचा प्रदेश तुकड्यातुकड्याने आकसत जातो. कोणत्याही तुकड्यावर बोट ठेवले की तो कोणत्या तहाने किंवा कोणत्या सरकारी आदेशाने घेतला ते समोर येते. ‘गोरे लोक आले आणि पसरत गेले’ ही पाठ्यपुस्तकी भाषा इथे टिकत नाही. पसरते ते पाणी. जमीन सही करून घेतली जाते.

पण हा नकाशा कोणाच्या कागदांवर उभा आहे, हेही विचारले पाहिजे. त्याचा आधार म्हणजे चार्ल्स रॉइस यांनी तयार केलेली आणि अमेरिकी सरकारच्याच संस्थेने 1899 मध्ये छापलेली जमीन-हस्तांतरांची यादी. म्हणजे हिशेब घेणाऱ्याच्या वहीतला आहे.

चेरोकी लोकांचेच पाहा. 29 डिसेंबर 1835 रोजी न्यू इकोटा येथे एक तह झाला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची चेरोकींची सगळी जमीन 50 लाख डॉलरच्या बदल्यात सरकारला दिल्याचे त्यात लिहिले होते. सह्या केल्या मूठभर माणसांनी. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांची त्यावर सही नव्हती. हजारो चेरोकींनी विरोधाचे अर्ज पाठवले. तरी 1836 मध्ये सिनेटने आवश्यक बहुमतापेक्षा एका मताने तो मंजूर केला आणि 1838 मध्ये सैन्य लावून लोकांना घराबाहेर काढले. पश्चिमेकडच्या त्या वाटचालीत हजारो माणसे मेली. सरकारी यादीला मात्र हे एक हस्तांतर, एक तारीख. विरोधाच्या अर्जांना तिच्यात रकाना नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. नकाशाची पट्टी 1887 ला थांबते. त्याच वर्षी झालेल्या डॉस कायद्याने जमातीची सामाईक जमीन कुटुंबा-माणसांच्या नावे वाटायला काढली आणि ‘उरलेली’ जमीन गोऱ्यांना खुली केली. तेव्हा जमातींकडे सुमारे 13.8 कोटी एकर जमीन होती. 1934 मध्ये सुमारे 4.8 कोटी उरली. आता तह नाही, सैन्य नाही. विक्री, कर थकला म्हणून लिलाव, वारसांमधले तुकडे. जमीन एकेका खात्यातून निघाली आणि मोठ्या नकाशाला ती दिसली नाही.

हे वाचताना आपल्याला महार वतनाची आठवण झाली नाही तरच नवल. वतन ही गुलामीची मजुरी होती. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली. जमिनी वतनदारांना नवीन शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत अशी अट पडली. गुलामी संपावी आणि जमीन राहावी, हा न्याय होता. मग आज गावोगावचा हाडकी-हाडोळा कोणाच्या ताब्यात आहे? तोही डॉस कायद्यानंतरच्या जमिनीसारखाच एकेका फेरफाराने निघाला असेल, तर तो कोणत्याही मोठ्या नकाशावर दिसणार नाही. तो गावाच्या नकाशावरच शोधावा लागेल.

आणि हे काम आपल्या आवाक्यातले आहे. सातबारा आणि गाव नकाशा आज ऑनलाइन पाहता येतो. जुने फेरफार तलाठी आणि तहसील कार्यालयातून मागता येतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात तारखेनुसार नकाशा बदलण्याची सोय आहे. अडचण एकत्रीकरणाची. त्यात जुने सर्व्हे नंबर मोडून गट नंबर झाले, त्यामुळे आधी दोन्हींचा मेळ घालावा लागतो. मग प्रत्येक गटासाठी रकाने करायचे: जुना सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, तारीख, हस्तांतराचा प्रकार, परवानगीचा आदेश. आदेश सापडला नाही तर तेही ठळक लिहायचे, कारण कोऱ्या रकान्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो.

एक रकाना मात्र सरकारी वहीत नाही, तो आपणच घालायचा. म्हाताऱ्या माणसांना काय आठवते? अंगठा कोणी घेतला, कर्ज किती होते, अर्ज कोणी केला होता? चेरोकींचे अर्ज यादीबाहेर राहिले, तसे हे राहू देता कामा नये. हयात कुटुंबांची नावे मात्र जाहीर नकाशावर टाकू नयेत. ती मूळ कागदांसोबत गावातच सुरक्षित ठेवावीत.

सुरुवात एका गावापासून, एका हाडोळ्यापासून करा. 1958 पासून आजपर्यंतची पट्टी तयार झाली की ‘जमीन गेली’ हे वाक्य आपोआप बदलेल. त्याला कर्ता मिळेल, तारीख मिळेल, आणि मग दाद कोणाकडे आणि कशाबद्दल मागायची हेही कळेल.